मासे कधी धरावेत?

मार्च उजाडला, टेकड्या हिरव्यागार झाल्या, की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही फिशिंगला जाता ना? मग डेल व्हॅलेला जायला बेस्ट सीझन कुठला?" विचारणारे बहुतेक आपलेच असतात. मुलं दहा-बारा वर्षांची झालेली, आयपॅडपासून त्यांना कसं लांब न्यावं ही चिंता, आणि कॉस्टकोत नुकताच दिसलेला रॉड-रीलचा सेट. पूर्वी मी एका वाक्यात उत्तर द्यायचो. आता मला ते जमत नाही. का जमत नाही, ते तुम्हांला जरा सविस्तर सांगतो. तुमच्यातले अर्धे मासे खाणारे असतील, अर्धे नसतील. दोघांनीही ऐकावं असं त्यात काही आहे असं मला वाटतं.

आधी पत्ता. हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे आणि ओहायोतलंही नव्हे (तिकडेही आपली मंडळी भरपूर आहेत). हे कॅलिफोर्नियातलं, ५८० आणि ६८० हे दोन फ्रीवे जिथे एकमेकांना छेदतात आणि बार्टची निळी लाइन जिथे संपते, ते. इथून लिव्हरमोर, मग द्राक्षांचे मळे, मग वळणावळणाचा घाट, आणि तो उतरला की डेल व्हॅले. पाचेक मैल लांब, अरुंद, दोन्ही बाजूंना ओकची झाडं. आपण त्याला 'लेक' म्हणतो, पण ते धरण आहे. १९६८ मध्ये बांधलेलं, राज्याच्या पाणीपुरवठा योजनेतलं. डेल्टाचं पाणी कालव्यातून इथे येऊन साठतं, आणि त्या पाण्याबरोबर स्ट्राइप्ड बाससुद्धा आले. कुणी बोलावलं नव्हतं. आपल्यासारखेच, प्रवाहाबरोबर आले आणि राहिले.

आता ते एका वाक्यातलं उत्तर. ट्राउट हवा असेल तर नोव्हेंबर ते मार्च, कारण पाणी गार असतं आणि पार्कवाले ट्राउट आणून सोडतात. कॅटफिश हवा असेल तर उन्हाळ्यातली संध्याकाळ. आणि लार्जमाउथ बास हवा असेल, तोही मोठा, सहज आणि पोरांना डोळ्यांनी दिसेल असा काठाजवळ, तर एप्रिल. कुठल्याही फिशिंगच्या दुकानात विचारा, एप्रिलच सांगतील.

मीही एप्रिलमध्येच गेलो होतो. मुलगी नऊ वर्षांची होती. काठापासून हाताच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात, वाळूत एक स्वच्छ गोल खळगा दिसत होता. परातीएवढा. त्यावर एक बास जागचा हलत नव्हता. मी गळ टाकला, त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पुन्हा टाकला, खळग्याच्या मधोमध. तिसऱ्या वेळेला त्याने झडप घातली. मला आनंद झाला, मुलगी नाचली, फोटो काढला. फोटो काढताना तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. "बाबा, छोटे फिश आले बघ, ते काय खातायत?"

ते ब्लूगिल होते, आणि ते अंडी खात होते.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलं होतं. पाणी साधारण पंधरा-सोळा अंशांवर गेलं, की नर बास शेपटीने खळगा साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढचे दिवस, पिल्लं फुटून थोडी मोठी होईपर्यंत, नर तिथेच पहारा देतो. त्या काळात तो धड खात नाही. गळावर येतो तो भूक लागली म्हणून नव्हे. घरात काहीतरी घुसलं म्हणून त्याला हाकलायला येतो. म्हणून तर एप्रिल 'बेस्ट'. मासा सापडणं सोपं, कारण तो पळून जाऊ शकत नाही. त्याला पळायची मोकळीक नाही.

आम्ही तो सोडला. कॅलिफोर्नियात बासला बाराही महिने परवानगी आहे; बहुतेक तळ्यांत दिवसाला पाच, प्रत्येक किमान बारा इंच. आमचा त्याहून मोठा होता, म्हणजे कायद्याने तो घरी नेता आला असता. सोडल्यावर तो परत खळग्याकडे गेला, हे खरं. पण मधल्या चार-पाच मिनिटांत काय झालं ते मुलीने पाहिलं होतं, आणि परतीच्या घाटात तिने विचारलं, "आपण नसतो गेलो तर त्याची बेबीज वाचली असती ना?" मी म्हटलं, कदाचित. ती म्हणाली, "मग आपण का गेलो?"

खरं तर हा प्रश्न मला पहिल्यांदा पडायला हवा होता तो माणगावला, तिच्याच वयाचा असताना. रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना 'वलगण' हा शब्द सांगायला नको. सिंधुदुर्गात 'चढणीचे मासे' म्हणतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, ओहोळ फुगले, शेतं पाण्याने भरली, की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट्या दिशेने वर चढतात, थेट भाताच्या खाचरांत, बांधांवरून उड्या मारत. अंडी घालायला. आणि अख्खा गाव बॅटऱ्या, टोपल्या, जुनी धोतरं, हाताला येईल ते घेऊन त्यांच्या वाटेत उभा राहतो. मामा मला रात्री खांद्यावर घेऊन न्यायचे. पाग टाकायचीही गरज नसे. खाचराच्या तोंडाशी टोपली धरली की मासे आपण होऊन येत. दुसऱ्या दिवशी घराघरांतून एकच वास. आणि सगळ्यांत जास्त मागणी कशाला? गाभोळीला. पोटात अंडी भरलेल्या माशाला.

मी हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. त्या रात्रींइतका आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींनी दिला. पेरणीआधी घरात पैसा नसायचा, भाजी नसायची, समुद्रातली मासेमारी पावसामुळे थांबलेली असायची. त्या दिवसांत फुकट आलेलं अन्न म्हणजे वलगण. त्याला पाप म्हणायचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. पण एक गोष्ट मला आता विचित्र वाटते. हेच मामा आम्हांला महाडजवळ वाळणकोंडला न्यायचे. काळ नदीतला तो खोल डोह, काठावर वरदायिनीचं ठाणं, आणि पाण्यात हातभर लांबीचे महसीर. तिथे मासा मारायचा नाही, कधीच नाही, देवीचे मासे. मामा कुरमुरे टाकायचे आणि मासे वर यायचे, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तो देवळातलाच. जूनमध्ये टोपली धरणारा माणूस तोच आणि हाही तोच. त्यांना त्यात काही विसंगती वाटली नाही. एक जागा देवाची, बाकीची आपली. जागेची मर्यादा होती, पण काळाची नव्हती.

इथे कुणीतरी म्हणेल, काळाचीही होती की! श्रावण. आपल्या पूर्वजांनी माशांच्या विणीचा काळ ओळखून श्रावणात मासे वर्ज्य केले, असं आपण दर वर्षी एकमेकांना सांगतो. मीही पोटलक जेवणांत अमेरिकन सहकाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचो. मग एकदा बसून हिशेब केला. वलगण होते जूनमध्ये, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात. श्रावण लागतो जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, तोवर अंडी घालून झालेली किंवा आपण खाल्लेली असतात. त्यात चांद्र महिना सरकतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला. माशांना पंचांग कळत नाही, त्यांना पाण्याची चढउतार कळते. आणि श्रावणाच्या आधी आपण काय करतो? गटारी. म्हणजे विणीच्या ऐन काळात शेवटचं दणकून खाऊन घ्यायचं. समुद्राच्या बाबतीत गोष्ट थोडी बरी आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात जायची कोळ्यांची रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. पण ती रीतही वादळाच्या भीतीतून आली की माशांच्या काळजीतून, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. दोन्ही असेल. श्रावणाचा उपवास मोलाचा नाही असं नव्हे. तो आपल्या जिभेसाठी आहे. माशासाठी आहे असं म्हणणं म्हणजे फुकटचं श्रेय घेणं.

मग कायद्याकडे वळावं, तर तिथेही एकमत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत बासचा सीझन साधारण जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंदच असतो, नेमका पहाऱ्यावरच्या नरांसाठी. कॅलिफोर्नियात नाही. इकडे उन्हाळा लांब, पाणी लवकर तापतं, पिल्लांना वाढायला वेळ भरपूर. काही खळगे उजाड झाले तरी तळ्यातले बास संपत नाहीत, असा युक्तिवाद. तो चुकीचा आहे असं मला म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ नीट पाहा. तळ्यातल्या बासांची संख्या टिकते, म्हणून या एका बासची पिल्लं गेली तरी चालेल. सीझनचा सगळा विचार हा असा आहे. तो जातीचा विचार करतो, जिवाचा करत नाही. पुढच्या वर्षी मासे असावेत, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला धरता यावेत. यात शहाणपण आहे, दया आहे असं मला वाटत नाही.

"मग ट्राउटच धरा," असं मला एकाने सुचवलं, आणि बरेच दिवस मला ते पटलंही होतं. हॅचरीत वाढलेले ट्राउट ट्रकमधून येतात. हल्ली त्यांतले पुष्कळ वांझ असतात: फलित अंड्यांना ठरावीक वेळी उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का दिला की गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात, आणि असा मासा प्रजननच करू शकत नाही. रानातल्या माशांत त्यांची भेसळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था. या माशांना वीण नाही, म्हणून विणीचा काळ नाही. शिवाय मे-जूनमध्ये पाणी तापलं की उथळ भागात त्यांचं जगणं कठीण होतं. गार पाणी खाली खोल असतं, पण उन्हाळा चढेल तसा तिथला प्राणवायू कमी होत जातो. म्हणजे कुणी धरला नाही तरी त्यांतल्या अनेकांना पुढचा हिवाळा दिसणार नसतो. नैतिकदृष्ट्या यापेक्षा सोपा मासा कुठला?

मुलीला हे समजावलं, तर ती म्हणाली, "मग ते फिश लेकमध्ये कशाला टाकतात? डायरेक्ट दुकानात का नाही?"

याचं प्रामाणिक उत्तर एकच: आपल्याला धरायची मजा यावी म्हणून. दुकानातला ट्राउट आणि तळ्यातला ट्राउट एकाच प्रकारच्या टाकीत, एकाच प्रकारच्या गोळ्या खाऊन वाढलेला असतो. मधले काही दिवस त्याला तळं दाखवतात, ते आपल्यासाठी. आणि यातली खरी थट्टा पुढेच आहे. रेनबो ट्राउट हा इथे परका मासा नाहीच. १८५५ मध्ये गिबन्स यांनी रेनबो ट्राउटला 'इरिडिया' हे नाव देऊन त्याचं वर्णन केलं, ते सॅन लिआंड्रो क्रीकमधल्या माशांवरून. डब्लिनपासून टेकडीपलीकडे, जिथे आज लेक शाबो आहे तोच ओढा. समुद्रातून ओढ्यात चढून अंडी घालणारे, वलगणीच्या माशांचे अगदी भाऊबंद. आपण ओढ्यांवर धरणं बांधली, त्यांच्या वाटा बंद केल्या, आणि त्याच जातीचा वांझ मासा ट्रकमधून आणून सोडायला लागलो. फ्रीमॉन्टला अलमिडा क्रीकवर माशांना चढता यावं म्हणून शिड्या बांधल्या, दुसरी २०२२ मध्ये पुरी झाली. तिकडे गेलात तर जरूर पाहा. एखादी सिमेंटची पायरी पाहून गहिवरून यावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आता शाकाहारी मित्रांची पाळी. आमच्या गटात एक जण आहेत, अंडंही खात नाहीत, पण ऑगस्टच्या वीकेंडला आमच्याबरोबर उत्साहाने येतात. पकडायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं, हिंसा नाही. मला त्यांचा हेतू शंभर टक्के मान्य आहे. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडे पारा पस्तीसच्या वर जातो, तळ्याचं वरचं पाणी कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. अशा पाण्यात पाच मिनिटं झुंजलेला मासा आधीच दमछाक झालेला असतो. त्याला आणखी मिनिटभर फोटोसाठी हवेत धरलं, कोरड्या हातांनी अंगावरची बुळबुळीत साय पुसली गेली, तर तो पोहत निघून जातो खरा, पण नंतर कुठेतरी खोलवर मरतो. ते आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. नोव्हेंबरच्या सकाळी दोन ट्राउट धरून, तिथल्या तिथे डोक्यावर एक नेमका फटका मारून, संध्याकाळी हळद-मीठ-कोकम लावून तळणारा माणूस आणि ऑगस्टमध्ये सहा मासे 'सोडणारा' माणूस, यांत कमी दुःख कुणी दिलं? मी हे त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते थोडे दुखावले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला: "मग मी काय करू, खाऊ का?" यावर मी काय उत्तर देणार? म्हटलं, तुम्ही चहाचा थर्मास सांभाळा.

आणि वेदनेचं काय? लहानपणी आम्हांला सांगितलं होतं, माशाला कळत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये प्रयोग केला, तोही रेनबो ट्राउटवरच. माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. ओठात झोंबणारं द्रव्य टोचलं तेव्हा काही मासे तळाच्या खडीवर ओठ घासत राहिले आणि कितीतरी वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. याला 'वेदना' म्हणावं का यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण ओठ घासणाऱ्या माशाचं चित्र एकदा डोक्यात बसलं की भांडणाच्या निकालाची वाट पाहायला मन तयार नसतं. गळ जानेवारीत टोचला काय आणि जूनमध्ये टोचला काय, त्या माशाला तो सारखाच टोचतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर बेस्ट सीझन कुठलाच नाही.

इतकं सगळं कळून मी फिशिंग सोडलं का? नाही. इथे तुम्ही मला दांभिक म्हणालात तर मी वाद घालणार नाही. मी मासे खातो. रँच मार्केटमधून बर्फावरचा पापलेट आणतो, तो कुठल्या जाळ्यात, किती वेळ गुदमरत मेला हे मला माहीत नसतं. स्वतः धरलेल्या दोन माशांबाबत मला निदान माहीत असतं. ही सबब आहे की कारण आहे, हे माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. काही दिवशी ते कारण वाटतं.

पण काही गोष्टी बदलल्या. एप्रिल-मेमध्ये काठाजवळच्या बासला मी गळ टाकत नाही. ऑगस्टमध्ये जात नाही. जातो ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, ट्राउटसाठी. पाचाची मर्यादा असली तरी दोन झाले की रॉड आवरतो, कारण घरात खाणारे तिघंच. खायचा नसेल तर धरायचा नाही, असा एक साधा नियम केला आहे. त्याने पहाटेची गंमत थोडी कमी होते. थंडीत लिव्हरमोरच्या खोऱ्यात धुकं बसलेलं असतं, बोटं गारठतात, पार्कचं परमिट काढायला आपण पहिलेच असतो. चार तासांत काही लागत नाही असेही दिवस जातात आणि ते वाईट जात नाहीत.

गेल्या जूनमध्ये मामांना फोन केला होता. आता ते पंचाहत्तरीचे आहेत. विचारलं, वलगण झाली का? म्हणाले, "झाली म्हणायची. पोरं गेली होती, हातभर टोपलीत वीतभर मासे." मग कारणांची यादी: बंधारे आले, शेतात औषधं पडतात, कोणी ओढ्यात करंट सोडतं, कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं. सगळी खरीच कारणं. थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि आपणही कमी नाय खाल्ले." मी त्यांना डेल व्हॅलेच्या खळग्याची गोष्ट सांगितली. त्यांना तो पहारा देणारा बाप फार आवडला. म्हणाले, आपल्याकडची मरळही पिल्लं घेऊन फिरते, लालभडक पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो आणि खाली आई-बाप. त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. "तेव्हा काय केलंत?" मी विचारलं. ते हसले आणि विषय बदलला.

तर तुमचा प्रश्न. मुलांना घेऊन यायचं असेल तर जरूर या. सोळा वर्षांखालच्यांना राज्याचं लायसन्स लागत नाही, तुम्हांला लागेल, आणि पार्कचं दिवसाचं परमिट वेगळं. मासे धरायचे असतील तर थँक्सगिव्हिंगनंतरचा कुठलाही शनिवार, सहाला निघू, स्वेटर घाला. एप्रिलमध्येही या, त्या वेळी खळगे दिसतात. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल आणा. माझ्या मुलीकडे दोन जादा आहेत, ती देईल. कुठल्या ओकखाली उभं राहायचं ते तिलाच विचारा. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, याबाबत ती फार कडक आहे.